घड्याळ देशाचं, दिवस आपल्या वाडीचा

ठाकुरवाडीच्या आम्ही बाया आज तुमच्याशी वेळेबद्दल बोलणार आहोत. वेळ पाळावी, उशीर करू नये, असा उपदेश करायचा नाही. घड्याळात सात वाजले, असं आपण म्हणतो, तर ते सात कुठून आले आणि कोणी ठरवले, एवढंच समजून घ्यायचं आहे.

विषय निघाला आमच्या गटाच्या बैठकीत. जानेवारीचा महिना होता. एका मैत्रिणीची मुलगी अकरावीला आहे. कॉलेज तालुक्याच्या ठिकाणी, सकाळच्या पाळीचं. पहिला तास सातला. सातला वर्गात पोचायचं तर वाडीतून साडेपाचला निघावं लागतं. जानेवारीत आपल्याकडे सूर्य उगवतो सव्वासातच्या आसपास. म्हणजे पोरगी घराबाहेर पडते तेव्हा मिट्ट काळोख, आणि पहिला तास सुरू होतो तेव्हाही सूर्य वर आलेला नसतो. तिची आई म्हणाली, "मी तिला घरीच बसवते आता. काळोखात एकटी पाठवायला जीव धजत नाही."

कोपऱ्यात बसलेल्या आजी म्हणाल्या, "आमच्या वेळेला कोंबडं आरवलं की उठायचं आणि वाट दिसायला लागली की निघायचं. हे सात कोणी ठरवले गं? सूर्याला विचारून ठरवले का?"

आम्ही सगळ्या हसलो. पण आजींचा प्रश्न खरा होता. मग शाळेचं भूगोलाचं पुस्तक काढलं, गुरुजींना विचारलं, थोडं वाचलं. जे कळलं ते तुम्हाला सांगतो.

काठीची सावली काय सांगते

एक सोपा प्रयोग करून बघा. अंगणात उन्हाच्या जागी एक काठी सरळ उभी रोवा. सकाळी तिची सावली लांब असते. दिवस वर चढतो तशी ती आखूड होते आणि दुपारनंतर पुन्हा लांबते. सावली सगळ्यात आखूड होते ती आपली खरी दुपार. त्या क्षणी सूर्य आपल्या आकाशात सगळ्यात उंच असतो.

आपल्याला वाटतं, ही वेळ बाराची असणार. आम्ही करून बघितलं. बाराला सावली अजून आखूड होतच होती. कर्जत-खालापूर भागात सावली सगळ्यात आखूड होते ती सरासरी १२ वाजून ३७ मिनिटांनी. वर्षभरात ही वेळ थोडी मागेपुढे सरकते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून २० मिनिटं, तर फेब्रुवारीच्या मध्यावर १२ वाजून ५० मिनिटं. पण बाराला ती कधीच येत नाही. आपलं घड्याळ आपल्या सूर्याच्या पाऊण तासाला थोडं कमी एवढं पुढे धावतं आहे.

कारण असं की ते घड्याळ आपल्या गावच्या सूर्यावर लावलेलंच नाही. पृथ्वी गोल आहे आणि २४ तासांत स्वतःभोवती एक फेरी मारते. पूर्ण फेरीचे ३६० भाग केले तर एका भागाला चार मिनिटं लागतात. भूगोलाच्या पुस्तकात नकाशावर उभ्या रेषा असतात, त्यांना रेखांश म्हणतात. एका रेखांशावरून पश्चिमेच्या पुढच्या रेखांशापर्यंत सूर्य पोचायला चार मिनिटं जातात. भारताचं घड्याळ लावलं आहे ८२.५ म्हणजे साडेब्याऐंशी अंशाच्या रेखांशावर. ती रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. आपण त्र्याहत्तर अंशांच्या थोडं पुढे. मधलं अंतर सव्वानऊ अंशांच्या आसपास. गुणिले चार, म्हणजे ३७ मिनिटं.

मिर्झापूरच्या डोक्यावर सूर्य येतो तेव्हा साऱ्या देशात बारा वाजतात. आपल्याला तो पुढे ३७ मिनिटांनी भेटतो. शिवाय आपल्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत. ऊन आधी घाटमाथ्यावर पडतं आणि मग खाली आपल्याकडे उतरतं, ते वेगळंच.

आधी प्रत्येक शहराचं घड्याळ वेगळं होतं

पूर्वी घड्याळं गावच्या सूर्यावरच लावत. मुंबईची दुपार मुंबईच्या सूर्याची, कलकत्त्याची कलकत्त्याच्या. मुंबईत दुपारचे बारा वाजत तेव्हा कलकत्त्यात एक वाजून गेलेला असे. बैलगाडीनं प्रवास करणाऱ्याला त्यानं काही बिघडत नव्हतं.

बिघडलं ते आगगाडी आल्यावर. १८५३ साली मुंबई ते ठाणे गाडी धावली आणि १८५६ साली रूळ आपल्या खोपोलीपर्यंत आले. पुढे बोरघाट चढून गाडी पुण्याकडे गेली. आता विचार करा, एकाच रुळावर समोरासमोरून दोन गाड्या यायच्या आहेत. एका स्टेशनमास्तरचं घड्याळ एक वेळ दाखवतं आणि दुसऱ्याचं दुसरी. मग टक्कर व्हायला किती वेळ लागणार? म्हणून रेल्वेनं सगळ्या देशासाठी एकच वेळ धरली, मद्रासची. मद्रासला सरकारी वेधशाळा होती, मद्रास मुंबई आणि कलकत्त्याच्या मधे पडत होतं, आणि तारेनं रोज वेळ कळवता येत होती.

मद्रासची वेळ मुंबईच्या अर्धा तास पुढे. म्हणजे त्या काळात एखादी बाई मुंबईच्या घड्याळाप्रमाणे दहाची गाडी पकडायला स्टेशनवर गेली असती, तर तिथं साडेदहा झालेले असते आणि गाडी निघून गेलेली असती.

१८८१ साली मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांनाही मद्रासची वेळ लावली. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजला नाव दिलं आहे तेच हे. लोकांना ते रुचलं नाही. आमच्या शहराचा सूर्य सोडून दुसऱ्या शहराचं घड्याळ आम्ही का पाळावं, असा सवाल उठला. विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्यावरच्या घड्याळानं कोणती वेळ दाखवायची, यावरूनही वाद झाला. शेवटी १८८३ साली सरकारनं माघार घेतली.

एकोणचाळीस मिनिटांचं भांडण

पुढे १ जानेवारी १९०६ पासून सरकारनं सगळ्या देशासाठी एकच वेळ ठरवली. इंग्लंडमधल्या ग्रीनिच गावच्या वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे. यालाच आपण भारतीय प्रमाणवेळ म्हणतो. मुंबईची जुनी वेळ हिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे होती.

एकोणचाळीस मिनिटं म्हणजे काही फार नाही, असं आपल्याला वाटेल. पण गिरणी कामगाराच्या बाजूनं बघा. गिरणी सहाला सुरू होत असेल, तर नव्या घड्याळाचे सहा जुन्या सहाच्या आधी ३९ मिनिटं वाजणार. म्हणजे रोज ३९ मिनिटं आधी उठायचं, आधी भाकऱ्या थापायच्या, आधी काळोखात निघायचं. त्याच सुमाराला गिरण्यांमध्ये विजेचे दिवे येऊ लागले होते आणि कामाचे तास वाढत होते. कामगारांचा आधीच विश्वास उडालेला. जानेवारी १९०६ मध्येच जेकब ससून गिरणीच्या कामगारांनी नव्या वेळेनं काम करायला नकार दिला आणि दगडफेक झाली. शहरात सभा झाल्या, हजारो सह्यांचे अर्ज गेले.

मुंबई महापालिकेत फिरोजशहा मेहता यांच्यासारखे पुढारी जुन्या वेळेच्या बाजूनं उभे राहिले. सरकारी कचेऱ्या आणि रेल्वे नव्या वेळेवर गेल्या, पण महापालिकेनं आपली घड्याळं मुंबईच्याच वेळेवर ठेवली. एकाच शहरात दोन वेळा! कोणाला भेटायचं ठरवलं की आधी विचारावं लागे, मुंबईची वेळ की सरकारी वेळ? हा प्रकार चाळीस वर्षांहून जास्त चालला. कलकत्त्यानं आपली वेळ १९४८ मध्ये सोडली. मुंबईची जुनी वेळ पूर्ण सुटली ती १९५० च्या दशकात.

मधे एकदा तर देशाचंच घड्याळ हललं. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात ते आणखी एक तास पुढे केलं होतं. तेव्हा आपल्याकडची खरी दुपार दीड वाजून गेल्यावर होत असे. आमच्या आजींनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे बघा, सूर्य तिथंच, माणसांनीच काटे फिरवले."

आजींचं म्हणणं नेमकं तेच आहे. घड्याळ हा माणसांनी केलेला ठराव आहे. आपल्या गटाच्या वहीत आपण ठराव लिहितो, तसाच.

पूर्वेच्या बहिणींचा दिवस

आपल्याला घड्याळ पुढे धावतं म्हणून सकाळ लवकर येते. पूर्वेकडे याच्या उलट होतं. भारत पश्चिमेच्या कच्छपासून अरुणाचलपर्यंत जवळजवळ तीस अंश पसरला आहे. तीस गुणिले चार, म्हणजे दोन तास. अरुणाचलला सूर्य उगवतो तेव्हा कच्छमध्ये अजून रात्रच असते.

आसामात दिब्रुगडला जूनमध्ये पहाटे सव्वाचारच्या सुमाराला सूर्य वर येतो. कचेरी उघडते मात्र दहाला. तोवर उजेडाचे पाच-सहा तास वाया गेलेले. डिसेंबरमध्ये साडेचारच्या आत सूर्य मावळतो आणि कचेरी सुटायच्या आधी दिवे लागतात. वीज जास्त जळते आणि बायांना काळोखात घरी परतावं लागतं.

यावर तिथल्या चहाच्या मळ्यांनी पूर्वीपासून एक उपाय केला आहे. तिथं 'बागान टाइम' चालतो. मळ्याचं घड्याळ देशाच्या घड्याळापेक्षा एक तास पुढे. मळ्यात आठ वाजतात तेव्हा रेल्वे स्टेशनवर सात. चहाची पानं खुडायचं काम मुख्यतः बायका करतात. त्यांना सकाळच्या गारव्यात काम सुरू करता येतं आणि उजेड आहे तोवर घर गाठता येतं.

आपल्या शेजारचा चीन तर भारताहून रुंद. तिथंही साऱ्या देशाला एकच वेळ, बीजिंगची. पश्चिम टोकाच्या शिंजियांग प्रांतात त्यामुळे सूर्य फार उशिरा उगवतो. तिथले अनेक लोक आपसात दोन तास मागची स्थानिक वेळ वापरतात. कचेऱ्याही उशिरा उघडतात.

मग भारताची दोन घड्याळं का करत नाहीत?

मागणी झाली आहे. २०१४ साली आसामचे तेव्हाचे मुख्यमंत्री तरुण गोगोई यांनी वेगळ्या वेळेची मागणी केली होती. देशाची वेळ सांभाळणारी संस्था म्हणजे दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये लिहिलं की ईशान्येकडच्या राज्यांना एक तास पुढची वेळ देता येईल. सरकारनं मात्र एकच वेळ कायम ठेवली.

एकाच वेळेचे फायदे आपणही रोज घेतो. पुण्याकडून येणारी गाडी कर्जतला किती वाजता येणार, हे विचारताना कोणती वेळ असं विचारावं लागत नाही. कोलकात्याच्या व्यापाऱ्याला फोन केला तर त्याच्याकडे किती वाजले हा हिशेब करावा लागत नाही. बँकेचे व्यवहार, देशभरातल्या प्रवेश परीक्षा, रेडिओच्या बातम्या, सगळं एकाच काट्यावर चालतं. दोन वेळा केल्या तर हद्दीवर प्रत्येक गाडीला काटे फिरवावे लागतील आणि चूक झाली तर अपघाताची भीती. महाराष्ट्राचंच बघा. आपल्यात आणि नागपुरात २३ मिनिटांचा फरक आहे. म्हणून नागपूरचं घड्याळ वेगळं करून चालेल का?

तेव्हा आम्हाला वाटतं, देशाचं घड्याळ एक असू दे. त्यात सोय आहे. पण घड्याळ एक असलं म्हणून सगळ्यांची शाळा, सगळ्यांचं काम आणि सगळ्यांची बैठक एकाच आकड्यावर सुरू झाली पाहिजे, असं मुळीच नाही. काटे दिल्लीत ठरतात. काम किती वाजता सुरू करायचं, हे पुष्कळ वेळा आपल्या गावात, आपल्या शाळेत, आपल्या गटात ठरतं. आसामच्या मळ्यांनी तेच केलं.

मुलांची झोप

याचा सगळ्यात मोठा परिणाम मुलांवर होतो. मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञानं भारतातल्या मुलांची झोप आणि शिक्षण यांचा अभ्यास केला. त्यात असं आढळलं की घड्याळाप्रमाणे सूर्य एक तास उशिरा मावळतो तिथली मुलं सुमारे अर्धा तास कमी झोपतात. कारण साधं आहे. उजेड असेपर्यंत मुलं झोपत नाहीत, पण शाळेची घंटा सगळीकडे त्याच आकड्यावर वाजते. झोप तुटली की अभ्यासात लक्ष लागत नाही आणि पुढे शिक्षणाची वर्षंही कमी भरतात. गरिबाघरी हा परिणाम जास्त दिसतो. तिथं एकाच खोलीत सगळे झोपतात, दिवा उशिरापर्यंत चालू असतो, डास असतात, उकाडा असतो.

आपण पश्चिमेचे. जूनमध्ये आपल्याकडे सूर्य मावळतो सव्वासात वाजून गेल्यावर. मुलं घरात येतात आठला, जेवतात नऊला, झोपतात दहाला. मग पहाटे ओढून उठवावं लागतं. आपण म्हणतो, पोरगं आळशी आहे. दर वेळी तसं नसतं.

महाराष्ट्र शासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये निर्णय काढला की पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. मुलांची झोप पुरी होत नाही, हेच त्यामागचं कारण होतं. म्हणजे घड्याळाला हात न लावता शाळेची वेळ बदलता येते, हे शासनानंही मान्य केलं आहे.

आपल्या हातात काय आहे

पहिली गोष्ट शाळेची. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात पाऊण हिस्सा पालकांचा आणि एकूण निम्म्या बायका असायला हव्यात. उन्हाळ्यात सकाळची शाळा कधी सुरू करायची, मुलं किती लांबून चालत येतात, वाटेत ओढा आहे का, हे सगळं तिथं बोलता येतं. वेळ बदलायला वरची परवानगी लागत असेल तर तसा ठराव करून पाठवता येतो.

दुसरी गोष्ट गटाची. आमची बैठक पूर्वी रात्री आठला असे. थंडीत आठ म्हणजे काळोख पडून दोन तास झालेले. खालच्या पाड्यावरच्या बाया येत नसत आणि आम्ही वहीत त्यांची गैरहजेरी लिहीत असू. आता आम्ही थंडीत साडेचारला बसतो आणि उन्हाळ्यात साडेपाचला. दिवेलागणीच्या आत सगळ्या घरी. हजेरी वाढली. दोष बायांचा नव्हता, आम्ही धरलेल्या आकड्याचा होता.

तिसरी गोष्ट विक्रीची. रानभाज्या, करवंदं, जांभळं घेऊन आपण कर्जत, नेरळच्या बाजारात जातो. उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी उजेड जास्त वेळ राहतो, हा पश्चिमेचा फायदा आहे. मे-जूनमध्ये संध्याकाळी सातपर्यंत गिऱ्हाईक असतं. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, तेव्हा माल दुपारीच काढायला हवा. आम्ही आता गटाच्या वहीत दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सूर्य कधी उगवला आणि कधी मावळला ते लिहून ठेवतो. वर्षभराचं पान तयार झालं की कोणत्या महिन्यात किती वाजता निघायचं ते ठरवणं सोपं जाईल.

आणि चौथी गोष्ट, जिच्यावरून विषय निघाला ती अकरावीची मुलगी. तिला आम्ही घरी बसू दिलं नाही. गटातल्या तिघी जणी कॉलेजात जाऊन भेटल्या. त्याच कॉलेजात दुपारची पाळीही आहे, हे घरात कोणाला ठाऊकच नव्हतं. वर्ष मधेच बदलता येणार नाही, पण बारावीला जागा असेल तर दुपारच्या पाळीत घेऊ, असं सांगितलं. तोपर्यंत नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात शेजारच्या दोन वाड्यांच्या चार मुली एकत्र निघतात आणि रस्त्यापर्यंत रोज दोन बाया पाळीनं बॅटरी घेऊन सोबत जातात. आज आम्ही जातो, उद्या दुसऱ्या दोघी. वहीत पाळी लिहिलेली आहे. फार मोठं काम नाही, पण मुलगी शिकते आहे.

सूर्य आपल्याकडे सदतीस मिनिटं उशिरा येणार, त्याला इलाज नाही. पण त्यासाठी कोणा पोरीची शाळा सुटायला नको, एवढं आपण बघू शकतो.

पुढच्या बैठकीत तुम्हीही हे करून बघा. काठी रोवून आपल्या गावची खरी दुपार किती वाजता होते ते शोधा. थंडीत काळोखात घराबाहेर पडावं लागतं अशा मुली आणि बाया आपल्या वाडीत किती आहेत ते मोजा. आणि त्यांच्यापैकी कोणाची वेळ आपण ठराव करून बदलू शकतो, कोणाला फक्त सोबत देऊ शकतो, ते वेगवेगळं लिहा. आम्हाला कळवा. तुमचं उत्तर आम्ही रेडिओवर वाचून दाखवू.